वळायला जागा

१

काचेच्या टाक्या जोडणाऱ्या त्या माणसाला सगळे टाकीवाला म्हणत. गाळ्यावर पाटी होती, पाटीवर दुकानाचं नावही होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेत नसे. तीस वर्षं तो माशांसाठी टाक्या बनवत होता आणि तीस वर्षं गिऱ्हाइकांशी एकच भांडण भांडत होता.

गिऱ्हाईक यायचं ते पिशवीत बोटभर मासा घेऊन. "एवढासा तर आहे, दीड फुटाची टाकी बास झाली की!" टाकीवाला पिशवी उजेडाकडे धरायचा, माशाचं तोंड बघायचा, मिशा बघायचा आणि मग स्वतःचा हात लांब करायचा. "हा आज," म्हणून करंगळीचं पेर दाखवायचा. "हा तीन महिन्यांनी," म्हणून मनगट. "हा वर्षाने," म्हणून खांदा. "आणि त्याच्या पुढचं दाखवायला माझ्याकडे हात नाही. टाकी आजच्या माशाची घेऊ नका, दोन वर्षांनंतरच्या माशाची घ्या."

गिऱ्हाईक हसायचं. मग तो खुर्ची पुढे ओढून बसायचा. लांबीचं सोडा, म्हणायचा, रुंदी बघा. मासा काही मागच्या पावली चालत नाही. त्याला अंग न घासता वळता आलं पाहिजे. वळता आलं नाही की तो एका भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, आणि मग त्याच्या मनात काय चालतं ते त्यालाच ठाऊक. आणखी एक, काचेवर ठोठावू नका. लहान मासा नुसता दचकतो, मोठा बिथरला तर टाकीच फोडतो. आणि कोपऱ्यात काचा जोडणाऱ्या सिलिकॉनवर लक्ष ठेवा. काही मोठ्या माशांना ते कुरतडायची खोड असते.

एवढा हा शहाणा माणूस. पण दिव्याखाली अंधार म्हणतात, तो त्याच्या गाळ्यातही होताच.

त्याची थोरली बहीण एके दिवशी दुपारी पिशवी घेऊन आली. दाजी जाऊन दोन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, रांगेतल्या शेवटच्या बैठ्या घरात ती एकटीच राहायची. पिशवीत करंगळीएवढा मासा होता, काळपट पाठीचा, लाल शेपटीचा.

"ताई, हे काय मधेच?"

"दुकानाच्या कोपऱ्यात एकटाच होता रे. बाकीचे इकडून तिकडे पळत होते आणि हा आपला माझ्याकडे बघत उभा."

टाकीवाल्याने माशाच्या मिशा पाहिल्या. परक्या गिऱ्हाइकाला त्याने आठ फुटांखाली बोलूच दिलं नसतं. पण कोपऱ्यात कापून उरलेल्या काचांचा ढीग होता, त्यातून दोन फुटी टाकी सहज निघत होती. घरचंच गिऱ्हाईक, चालून जाईल, असं तो मनात म्हणाला. ताईने टाकी कवटाळून धरली आणि म्हणाली, "छान आहे रे." त्याने दिलेल्या कुठल्याही वस्तूला ती छानच म्हणायची.

आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, ताई अठराची. दोन खोल्यांचं बिऱ्हाड. पुढच्या खोलीत वडील, मागच्या खोलीत तो, म्हणजे ताईचा छोट्या, आणि त्याची पुस्तकं. ताई झोपायची स्वयंपाकघर आणि मोरी यांच्या मधल्या बोळकांडीत. ती जागा एवढी चिंचोळी होती की उताणं पडलं तर दोन्ही खांदे भिंतींना टेकायचे. "मला कुशीवरच झोप लागते," असं ती सांगायची. आणि रोज दिवा मालवल्यावर तिकडून विचारायची, "छोट्या, जागा पुरते ना रे तुला?" तो इकडून म्हणायचा, "पुरते, ताई." छोट्या हाताशी आल्यावरच तिने लग्न केलं, चौतिसाव्या वर्षी.

२

तीन महिन्यांनी ताईचा फोन आला. "पाहुण्याला टाकी पुरत नाही रे." माशाला ती पाहुणा म्हणू लागली होती.

टाकीवाल्याच्या बायकोने ते ऐकलं आणि पदराआड हसली. "पाहुणा म्हणे! भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. आज मोठी टाकी मागतोय, उद्या खोली मागेल."

त्याने चार फुटी टाकी जोडली. रुंदी निदान अडीच फूट हवी होती हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण हाताशी काचेचा पंधरा इंची पट्टा होता, म्हणून रुंदी पंधरा इंच झाली. टेंपोवाल्याने नवी टाकी नेऊन दिली आणि जुनी परत आणली.

परत आलेली टाकी धुऊन पुन्हा विकायची, हा त्याचा शिरस्ता. त्या दिवशी तो गाळ्याच्या दारात बसून जुन्या काचेवरची पांढरी रेघ खरवडत होता. टाकीत पाणी जिथवर उभं राहतं तिथे क्षाराची अशी रेघ धरतेच. आतली रेघ निघाली. त्याने टाकी उजेडात धरली, तर अजून एक रेघ दिसत होती, तळापासून चार बोटांवर. त्याने पुन्हा आतून पातं फिरवलं. रेघ हलली नाही.

मग त्याने बाहेरून नख लावलं आणि पांढरी पूड नखात आली.

तीस वर्षांत टाकीला बाहेरून रेघ धरलेली त्याने पाहिली नव्हती. आणि ही काही ओघळाची रेघ नव्हती. चारही बाजूंनी सरळ, एका पातळीत. म्हणजे टाकी चार बोटं पाण्यात उभी होती, आणि एखाद दिवस नाही, चांगले काही आठवडे.

मोरीत ठेवली असेल, त्याला वाटलं. मोरी तुंबली असेल. पण ताईच्या मोरीत दोन फुटी टाकी आडवी मावत नव्हती. मग परातीत ठेवली असेल, मुंग्या येतात म्हणून. एवढी मोठी परात? असेल एखादी. माणसाने पटवून घ्यायचं ठरवलं की स्वतःइतकं सोपं गिऱ्हाईक दुसरं मिळत नाही. त्याने बाहेरची रेघही खरवडून काढली.

३

पुढची टाकी सहा फुटी. ती उचलायलाच चार माणसं लागतात, म्हणून तो स्वतः गेला. ताईकडे तो बऱ्याच महिन्यांनी पाय टाकत होता. दारातच त्याला ओलसर, गार हवा लागली, नदीकाठी बसल्यावर लागते तशी. सकाळचे अकरा वाजले होते आणि खिडक्या बंद होत्या.

पाहुणा त्या चार फुटी टाकीत होता. तीन फुटांच्या आसपास गेला असावा. पंधरा इंचांत त्याला वळता येत नव्हतं, त्यामुळे तो एका टोकाला तोंड करून उभा होता, आणि ताईने आपली खुर्ची नेमकी त्या टोकाला, काचेपासून हातभर अंतरावर ठेवली होती.

"इथे कुठे खुर्ची, ताई? येता-जाता पायात येईल."

"त्याला वळून बघता येत नाही ना रे. मग मीच त्याच्यासमोर बसते." ती हसून बोलली, पण टाकीवाल्याला ते लागलं. तो खाली मान घालून टेप काढू लागला.

जमिनीवर नजर गेली तेव्हा त्याला ताईचे पाय दिसले. दिवसभर धुणं धुतल्यावर होतात तसे पांढरे, सुरकुतलेले. फरशी मात्र कोरडी ठणठणीत होती. कपाटाच्या पायांवर एक फिकट रेघ होती. भिंतीवरही होती, खोलीभर, चारही बाजूंनी, साधारण वीतभर उंचीवर.

"ताई, टाकी गळते का?"

"गळतं कधी कधी. मी पुसून घेते. तू असं कर, ते सिलिकॉन एक खोकंभर ठेवून जा. आणि ते बोट कसं फिरवायचं ते दाखव."

त्याने दाखवलं. सिलिकॉनची पट्टी सोडायची, बोट साबणाच्या पाण्यात बुडवायचं आणि न थांबता एका दमात ओढायचं. ताईचा हात चांगला होता, दुसऱ्याच खेपेला तिची पट्टी त्याच्यापेक्षा सुबक आली. मग ती म्हणाली की खिडक्यांना जाड काच बसवून हवी, बारा एमएमची. एकट्या बाईचं घर, चोराचिलटाची भीती, असं त्याचं त्यानेच ठरवलं आणि मापं घेतली.

"सगळ्यांची मापं घेतोस," ताई भिंतीला पाठ लावून उभी राहिली, "माझंही घे की एकदा!"

त्यानेही हसत पेन्सिल तिच्या डोक्यावर आडवी धरली, भिंतीवर खूण केली आणि टेप लावला. "पाच फूट दोन. दोन इंच वर सोडून पाच-चारची टाकी करू, काय?"

ताई हसली नाही. "पाच-चार," ती पुटपुटली.

मासा हलवायचं काम तिने कुणाला करू दिलं नाही. "तुम्ही जा आता. तो माझ्याबरोबर येतो." तीन फुटी मासा बरोबर येतो म्हणजे कसा येतो, हे विचारायचं टाकीवाल्याच्या ओठांवर आलं होतं. पण माणसं घाई करत होती. दार लावून घेताना मागून आवाज आला, ओल्या गोणपाटाने भिंत झोडावी तसा, एकदाच.

दोन दिवसांनी चार फुटी टाकी परत आली. बाहेरची रेघ या खेपेला वीतभर उंच होती. ती त्याने खरवडली नाही. टाकी मागच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली आणि खिडक्यांच्या काचा माणसाकरवी बसवून घेतल्या.

४

"छोट्या, एक शेवटची टाकी करून दे."

फोनवर ताईचा आवाज घुमत होता. तिने माप वाचून दाखवलं. लांबी पाच फूट चार इंच, रुंदी अठरा, उंची वीस. खाली लोखंडी चौकट, जमिनीत बोल्ट मारता येईल अशी. वर काचेचं झाकण, कडेने रबर, आणि झाकणात नळीपुरतं एक भोक.

"आतलं माप की बाहेरचं?" हा प्रश्न त्याच्या तोंडून आपोआप निघायचा. काचेची जाडी धरायची की सोडायची, त्यावर सगळं अवलंबून असतं.

"आतलं."

"ताई, पाहुणा आता चार फुटांचा झाला असेल. त्याला हे कसं पुरणार?"

"झाला त्याहून मोठा. पण अठरा बास आहे. कूस बदलता आली म्हणजे झालं."

"मासा कूस बदलतो होय गं?" तो हसला. मग त्याला सुचलं की ही आजारी माशाला वेगळं ठेवायची टाकी असणार. बरेच लोक अशी छोटी टाकी करून घेतात. "आजारी आहे का तो?"

"तो चांगला आहे. आणि ऐक, सिलिकॉनची पट्टी बाहेरून मार."

"बाहेरून? अगं, आतून असते ती!"

"सगळं तुझ्या मनासारखंच होत आलंय, छोट्या. एवढं एक माझ्या मनासारखं कर."

ताईने आयुष्यात त्याला असं कधी सुनावलं नव्हतं. तो वरमला. बायको म्हणाली, "करा हो, म्हातारपणी लहर असते एकेकाची."

अठरा इंचांसाठी नवी काच फोडावी लागणार होती. गाळ्यात चौदा इंचांचा लांबलचक पट्टा पडून होता, कधीचा. त्याने काच कापायचा हिरा हातात घेतला, पट्ट्याकडे पाहिलं, नव्या काचेकडे पाहिलं. आजारी मासा असाही पडूनच राहतो. चार इंचांनी काय मोठं आभाळ कोसळतंय? आणि ताई काही टेप लावून बसायची नाही.

चौदाची टाकी झाली. पट्टी बाहेरून मारताना शेवटच्या कोपऱ्यात सिलिकॉन कमी पडलं. होतं तेवढंच त्याने बोटाने पातळ ओढून पुरवलं.

टेंपोवाला टाकी पोचवून आला तो कौतुक करतच. "काय फिटिंग आहे हो तुमच्या ताईच्या घरचं! दाराला उंच उंबरा, खिडक्यांना काच, भिंतीच्या फटीन् फटीत सिलिकॉन. तुम्हीच केलंत ना?"

"माप बघून काही बोलली का ताई?"

"हात लावून बघितलं. मग म्हणाल्या, छान आहे."

५

आठवड्याने गाळ्यावर एक जोडपं आलं. नवरा मास्तर होता, पिशवी बायकोच्या हातात होती. मास्तरला सगळ्यात रस. चाचणीसाठी पाणी भरून ठेवलेल्या टाकीच्या कोपऱ्यात बोट लावून त्याने विचारलं, "ही पट्टी आतूनच का? बाहेरून मारली तर दिसायला बरी दिसेल."

"दिसायला बरी, पण टिकायची नाही," टाकीवाला हजार वेळा दिलेलं उत्तर देऊ लागला. "पाणी असेल त्या बाजूने पट्टी हवी. पाणी तिला दाबून धरतं. जिकडे पाणी, तिकडे..."

तो मधेच थांबला.

मास्तर वाट बघत होता. "बाहेरून कधीच मारत नाही का मग?"

"मारतात," टाकीवाला म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला. "पाणी बाहेर असेल तर मारतात."

पाणी बाहेर असेल तर. आणि आत? आत काय असेल? पाच फूट दोन इंच, वर दोन इंच सोडून पाच-चार. त्याच्या स्वतःच्या तोंडचं माप. झाकणात नळीपुरतं भोक. कूस बदलता आली म्हणजे झालं.

नाही, नाही, काहीतरीच. त्याने खिशातून फोन काढून ताईला लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. मग तो उठला, फोन तसाच टेबलावर राहिला, जोडपं तसंच उभं राहिलं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा गाळा उघडा टाकून तो निघाला.

वाटेत तो स्वतःला पटवत होता. घरात पाणी भरून राहत नसतं. भिंती पाझरतात, फरशी पाझरते. एवढं पाणी आणणार कुठून? मग त्याला भिंतीवरची वीतभर उंचीची रेघ आठवली, आणि आपण शिकवलेलं ते बोट आठवलं.

६

दुपारचे तीन वाजले होते. रांगेतलं शेवटचं घर, पलीकडे कुलपं घातलेली गोदामं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दार ढकललं तर भिंत ढकलावी तसं लागलं. दाराच्या फटीतून आतली सिलिकॉनची पट्टी दिसत होती, सुबक, एका दमात ओढलेली.

तो खिडकीशी गेला आणि काचेवर तळवा टेकला. काच गार होती, बाहेरच्या अंगाला किंचित फुगलेली. भरलेल्या टाकीची काच त्याला डोळे मिटून ओळखू आली असती. त्याने दोन्ही हातांची ओंजळ डोळ्यांभोवती धरली आणि आत पाहिलं.

आत हिरवट उजेड होता. दाजींचा कोट खुंटीवर बाह्या पसरून सावकाश हलत होता. खुर्ची छताला टेकली होती, सहा फुटी टाकी भिंतीशी पाण्यात बुडाली होती. खाली, खोलीच्या मधोमध, बोल्ट मारून पक्की केलेली ती शेवटची टाकी होती. तिच्यात पाणी नव्हतं. झाकणातून नळी निघून वर, झरोक्याकडे गेली होती. आणि टाकीत ताई कुशीवर पडली होती. तोंड पलीकडच्या भिंतीकडे, पाठ त्याच्याकडे. पाठ काचेला टेकली होती आणि समोर खांदाही टेकलेला होता.

हे मला दिसत नाहीये, तो स्वतःला म्हणाला. उन्हातून आलोय, डोळे दिपलेत.

तेवढ्यात खिडकीसमोरून काहीतरी गेलं. किती लांब ते कळलं नाही, कारण जायला फार वेळ लागला. आधी काळपट अंग, मग पांढुरकं पोट, मग लाल काहीतरी. खोलीच्या टोकाला जाऊन ते वळलं. कुठेही न घासता, ऐसपैस वळलं.

टाकीवाल्याच्या कानाशी कुणीतरी श्वास सोडला.

तो किंचाळणारच होता. पण ती नळी होती. झरोक्यातून बाहेर येऊन ती त्याच्या कानाच्या उंचीवर लोंबत होती. त्याने तिला तोंड लावलं. "ताई!"

मग लांबून, डब्यातून आल्यासारखा आवाज आला. "छोट्या? आलास? कुठे आहेस रे?"

"खिडकीशी. मागे बघ, ताई!"

टाकीतली पाठ हलली. खांदा वर उचलला गेला, झाकणाच्या अलीकडे तिरका झाला, दोन्ही काचांमध्ये अडकला, आणि पुन्हा होता तसा खाली बसला. चौदा इंच. एका हाताचा पंजा पाठीमागून चाचपडत आला आणि काचेला चिकटला.

"वळता येत नाही रे," ताई म्हणाली. "जरा कमी झालीय. असू दे, मला कुशीवरच झोप लागते."

टाकीवाला रडू लागला. रडतच त्याने पायाशी पडलेली वीट उचलली आणि काचेवर घातली.

बारा एमएमची काच. वीट उसळून परत आली. आत मात्र तो आवाज पाण्यातून गेला आणि ते प्रचंड अंग आडवंतिडवं उधळलं. शेपटीचा तडाखा टाकीवर बसला, खण्णकन आवाज नळीतून थेट त्याच्या कानात आला आणि त्यामागून ताईची छोटीशी किंकाळी. टाकीच्या एका पायाचा बोल्ट उपटून आला होता.

"ठोठावू नकोस!" ताई धापा टाकत होती. "त्याला सोसत नाही. तूच सांगायचास ना रे?"

त्याने वीट खाली ठेवली. अलगद, आवाज होणार नाही अशी. ओरडून माणसं बोलवावीत म्हणून त्याने एकच हाक मारली, तर तेवढ्यानेही आत पाणी ढवळलं. फोन गाळ्यात टेबलावर होता.

मग आत सगळं शांत झालं. खाली बसलेला गाळ उठला होता, तो हळूहळू निवळला. मासा आता टाकीच्या मागे होता, ताईच्या पाठीशी. त्याचं तोंड टाकीच्या कोपऱ्याशी लागलं होतं आणि सारखं बारीक हलत होतं.

"छोट्या," ताई म्हणाली, "माझ्या मागे काय कुरतडतंय रे?"

त्याला तो कोपरा लांबूनही ओळखू आला. पातळ ओढून पुरवलेला. सिलिकॉनचा एक पांढरा धागा सुटून पाण्यात तरंगत होता.

"काही नाही, ताई," तो म्हणाला. आणि त्याने नखाने खिडकीच्या काचेवर अगदी हळू टकटक केली. इतकी हळू की दचकायला नको, पण कुतूहल वाटावं. एकदा. पुन्हा एकदा.

तोंड थांबलं. ते अंग सावकाश वळलं आणि खिडकीकडे आलं, काचेला लागेपर्यंत. मिशा काचेवर पसरल्या. एका डोळ्यात टाकीवाल्याचा चेहरा मावला. दुकानाच्या कोपऱ्यातून ताईकडे बघत होता म्हणे, तसाच तो आता याच्याकडे बघत उभा राहिला.

टाकीवाल्याने मान जराशी बाजूला नेऊन रस्त्याकडे पाहिलं, कुणी येतंय का म्हणून. तेवढ्यात मासा वळून टाकीच्या कोपऱ्याकडे निघाला. टाकीवाल्याने झटकन तोंड काचेला लावलं, नखाने टकटक केली. मासा परत आला. त्याने पुन्हा एकदा करून पाहिलं, नुसती नजर हलवून. पुन्हा तेच झालं.

मग त्याने प्रयत्न सोडला. कपाळ काचेला टेकवून, नळी गालाशी धरून तो उभा राहिला. उन्हं भिंतीवरून खाली उतरत होती. बायको पाच-सहापर्यंत वाट बघेल, मग फोन करेल, तो फोन गाळ्यात वाजेल, असा हिशोब त्याने मांडला. मान अवघडली होती, पाठीमागे काय चाललंय ते कळत नव्हतं, आणि वळून बघायची सोय नव्हती.

"गेलास का रे?" नळीतून ताईचा आवाज आला, आता जरा झोपाळू.

"नाही ताई. इथेच आहे."

थोडा वेळ श्वासाचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "छोट्या, जागा पुरते ना रे तुला?"

"पुरते, ताई," तो म्हणाला.